डोंगर पनवेलचे, नाव भलत्याचे

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्री पाडव्याला सुरू होतो. 2017 साली हा पाडवा 28 मार्चला आला. त्या दिवशी आमच्या रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्यात पारा 46.5 अंशांवर गेल्याची नोंद झाली आणि एरवी वीजनिर्मितीसाठी ओळखलं जाणारं ते गाव देशातलं सर्वांत तापलेलं ठिकाण म्हणून बातम्यांत झळकलं. दारात गुढी, ताटात श्रीखंड, आणि ऋतुराज वसंत उंबऱ्यावर उभा राहून विचारतोय, “जरा गार पाणी मिळेल का?”

पंचांग करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी पनवेल हिशेबात धरलं नसणार. पनवेल कोणीच धरत नाही. पनवेलला लोक येत नाहीत, पनवेलहून जातात. कोकणात जाणारी एसटी इथे थांबते, पुण्याला जाणारी इथे थांबते, हार्बर लोकल इथे येऊन संपते. 1852 साली या गावाची नगरपालिका झाली, 2016 मध्ये रायगड जिल्ह्यातली पहिली महानगरपालिका इथे झाली, पण महाराष्ट्राच्या लेखी पनवेल म्हणजे अजूनही ‘उतरा, दहा मिनिटं गाडी थांबेल’.

बरं, गावाचं जाऊ द्या. आजूबाजूचे डोंगर तरी आमच्या नावावर असावेत? तेही नाहीत. कलावंतीण दुर्ग आमच्या तालुक्यातला, पण फोटोखाली ‘मुंबईजवळचा थरारक ट्रेक’. प्रबळगड ‘माथेरानच्या समोरचा’. आपटा स्टेशन आमच्यापासून तिसरं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये शाहरुख खान डब्याच्या दारातून हात पुढे करतो आणि काजोल धावते, ते याच फलाटावर. पण सिनेमात हे स्टेशन पंजाबात आहे. 1995 पासून सगळा देश आपट्याकडे पाहून मोहरीची शेतं आठवतो. आणि विमानतळ? उलव्याची अख्खी टेकडी कापून, नदी वळवून तो केला. तालुका पनवेल, नाव नवी मुंबई. एखादा डोंगर पुढच्या वर्षी बघू म्हणून ठेवावा, तर पुढच्या वर्षी तिथे धावपट्टी असते.

तर रायगडात वसंत येतो, पण पंचांगाला न विचारता. माघ सरता सरता काटेसावरीला फुलं लागतात, पांगारा लाल होतो, मोहर झडून बाळकैऱ्या दिसू लागतात आणि होळीच्या आगेमागे पळस फुलतो. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण ज्याने केली त्याने पळस श्रावणात पाहिला असावा. फाल्गुनात पळसाला एकही पान नसतं, नुसती केशरी फुलं. या सगळ्याला मिळून जेमतेम पाच-सहा आठवडे. होळीची राख थंड झाली की खेळ आटोपला. मग पाडव्यापासून अधिकृत वसंत लागतो आणि पनवेलकर सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच खिडक्या लावून बसतो.

या पाच-सहा आठवड्यांत आमच्याकडे फिरायला कोणी येत नाही. कारण मुंबई-ठाण्याकडच्या माणसाचा पक्का समज आहे की निसर्ग म्हणजे धबधबा. जुलै लागला की पहिल्या लोकलने रेनकोटांचे थवे उतरतात. पाठीवर सारख्या छापाचे टीशर्ट, पायात नवे बूट, हातात भाजलेलं कणीस. दरवर्षी प्रशासन पांडवकडा आणि गाढेश्वरच्या परिसरात बंदीचे आदेश काढतं, आणि दरवर्षी त्या आदेशाच्या फलकाशेजारी उभं राहून लोक फोटो काढतात. पावसात हे डोंगर किती निष्ठुर होऊ शकतात ते 19 जुलै 2023 च्या रात्री दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीने भोगलं आहे. त्यावर हसण्यासारखं काही नाही, आणि इर्शाळगडाकडे बघताना अजूनही बोलणं थांबतं.

पण साध्या बघण्याच्या दृष्टीनेही पावसाळा हा डोंगर बघायचा ऋतू नव्हे. पावसाळ्यात डोंगर दिसतच नाही. आमचा मेहुणा एका जुलैत धापा टाकत प्रबळमाचीपर्यंत गेला होता. वरून त्याने व्हिडिओ कॉल केला. पडद्यावर सगळं पांढरं. मला वाटलं रेंज गेली. तर आतून आवाज आला, “भाऊजी, काय व्ह्यू आहे!” तो ढगात उभा होता. एवढं चढून ढगात उभं राहायचं तर आमच्या बाथरूममध्ये गिझर लावून दार बंद केलं तरी चालतं.

फाल्गुनात तसं नाही. सकाळी गच्चीवर गेलं की ओळीने सगळे हजर. डावीकडून चंदेरी, मग माथेरानची लांबच लांब सपाट धार, तिच्या पुढ्यात प्रबळ, त्याच्या बाजूचा कलावंतिणीचा सुळका, मग इर्शाळ, माणिकगड आणि दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. यातला अंगठा तेवढा प्रत्येक पनवेलकर ओळखतो. बाकीच्यांना आम्ही एकत्रितपणे ‘ते डोंगर’ म्हणतो. त्यांची नावं मला सांगितली ती मेहुण्याने, आणि त्याला सांगितली त्याच्या मोबाइलने. मुलुंडला राहणारा माणूस आमच्याच गच्चीवर उभा राहून आम्हाला आमचे डोंगर दाखवतो आणि वर म्हणतो, “भाऊजी, तुम्ही लोक किती लकी आहात!” चाळीस वर्षं रोज नशिबाकडे पाठ करून कपडे वाळत घातले, हे त्याला कोण सांगणार.

हा मेहुणा मागच्या फाल्गुनात दोन दिवस मुक्कामाला आला आणि सहलीचं घाटू लागलं. त्याची कल्पना होती ‘तीन स्पॉट एका दिवसात’. बायकोची कल्पना होती सावलीत बसता येईल अशी एक जागा आणि घरी कोणीतरी दुसऱ्याने स्वयंपाक केलेला. मुलीला जिथे रेंज मिळेल तिथे कुठेही चालणार होतं. आणि जुन्या पनवेलमधल्या आमच्या आत्याला फोन केला तेव्हा ती म्हणाली, “मी येत्ये. पण ते कलावंतीण-बिलावंतीण नको. बाईमाणसाचं नाव दिलंय म्हणून माझी गुडघेदुखी थांबायची नाही.”

सहल जवळची असली की उशिरा निघतो, हा नियम आहे. महाबळेश्वरला जायचं तर पनवेलकर पहाटे चारला रिक्षा स्टँडच्या कुत्र्यांनाही उठवून निघतो. कर्नाळा बारा-तेरा किलोमीटरवर. त्यामुळे सहाचं ठरलं, सातला दूधवाला आला, आठला मेहुणा म्हणाला “जवळच तर आहे” आणि अंघोळीला गेला. साडेनऊला गाडी निघाली आणि पावणेदहाला पळस्पे फाट्यावर नाश्त्याला थांबली.

पळस्पे फाटा घरापासून पाच किलोमीटरवर आहे. इथे मुंबई-गोवा महामार्ग जुन्या पुणे रस्त्यापासून फुटतो. मुंबईहून निघालेला माणूस इथे थांबतो ते समजू शकतं. तो दीड तास गाडीत बसलेला असतो. पण पनवेलकरही थांबतो. पोहे खाऊन घरून निघालेला पनवेलकर पंधरा मिनिटांत गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून मागे वाकतो आणि “जरा पाय मोकळे करू” म्हणतो. त्याशिवाय सहलीला निघालो असं वाटतच नाही. वडा, मिसळ, पियुष, पुन्हा चहा. आत्या तेवढी गाडीतच बसून राहिली. “इथला वडा खायला मी भाजी आणायला निघत्ये तेव्हा येऊ शकत्ये,” ती म्हणाली. तरी मेहुण्याने आणलेला वडा तिने परत पाठवला नाही.

पळस्प्याच्या पुढे शिरढोण लागतं. 4 नोव्हेंबर 1845 रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले ते या गावी, आणि त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. इंग्रजांविरुद्ध रामोशी, कोळी, धनगर गोळा करून ज्याने सशस्त्र बंड उभारलं आणि एडनच्या तुरुंगातून दार उखडून पळून दाखवलं, त्याचं जन्मघर हमरस्त्याला लागून. आम्ही गाडी हळू केली. मेहुणा म्हणाला, “येताना थांबू.” हे वाक्य शिरढोणने आजवर किती गाड्यांतून ऐकलं असेल! येताना सगळे थकलेले असतात, झोपलेले असतात, किंवा खोपोलीमार्गे परतलेले असतात. आत्याने मात्र “थांबव” म्हटलं, चपला घातल्या आणि उतरून स्मारकाला नमस्कार करून आली. ज्याने तुरुंगाचं दार उखडलं त्याच्यासाठी गाडीचं दार उघडायला काय जातं, असं ती बसता बसता म्हणाली, आणि मेहुणा पुढचा बराच वेळ मोबाइलमध्ये बघत बसला.

कर्नाळा 1968 पासून पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम बारा चौरस किलोमीटर, नोंदलेले पक्षी दीडशे जातींच्या वर. शिवाय मधून महामार्ग. म्हणजे इथल्या कोतवाल पक्ष्याने ट्रकच्या हॉर्नची नक्कल केली तरी नवल वाटू नये. दारावर पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतात. ही पद्धत मला फार आवडते. जंगलातून काय पाहून आलो हे कोणी विचारत नाही. बाटल्या तेवढ्याच परत आल्या का, एवढं बघतात. आमच्याकडे बाटल्या चार. मेहुण्याच्या पाठीवरच्या पिशवीतून मात्र एकेक निघू लागलं: वेफर्सची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, प्लॅस्टिकचे चमचे, पेल्यांची चवड. तिकीट खिडकीवरचा वनरक्षक शांतपणे म्हणाला, “दादा, दुकान टाकायचंय का वरती?”

आत हरियाल आणि मोरटाका नावाच्या दोन निसर्गवाटा आहेत, आणि एक वाट किल्ल्यावर जाते. फाल्गुनात इथे यायचं खरं कारण पायाखाली असतं आणि डोक्यावर असतं. पानगळ झालेली असते, त्यामुळे वाट पानांनी भरलेली आणि फांद्या मोकळ्या. पावसाळ्यात इथे पक्षी असतात पण हिरव्या पडद्याआड. आत्ता पडदा गळून खाली पडलेला. तोटा एवढाच की त्या वाळल्या पानांवर पाऊल ठेवलं की पंगतीत एकदम शंभर पापड मोडल्यासारखा आवाज होतो. ‘शांतता राखा’ असं जागोजाग लिहिलं आहे. ते पाळायचं तर माणसाने उडत जायला हवं.

या काळात कर्नाळ्यात माणसांच्याही तीन जाती सापडतात. पहिली, शाळेची सहल. हिचा आवाज आधी येतो, दर्शन नंतर. दोन-दोनच्या रांगेत, पुढे एक बाई, मागे एक सर, आणि मधल्या पन्नासांना एकच पक्षी माहीत असतो: मोर. तो दिसत नाही म्हणून ते त्याला हाका मारतात. दुसरी जात किल्लेवाल्यांची. हे खाली कुठे बघत नाहीत, वर बघत नाहीत, फक्त हातातल्या घड्याळात बघतात. ‘पंचावन्न मिनिटांत टॉप’ हा त्यांचा निसर्ग. वरच्या त्या प्रसिद्ध अंगठ्याला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी असतात. अत्तर मारून, धूर करून, आरडाओरडा करून वर जाऊ नये असं जाणते सांगतात. सकाळी पंचावन्न मिनिटांत वर गेलेले काही जण पाच मिनिटांत खाली आल्याचे किस्से त्यामुळेच ऐकायला मिळतात.

तिसरी जात कॅमेरेवाल्यांची, आणि ही अभ्यासण्यासारखी. अंगावर झाडोऱ्याच्या रंगाचे कपडे, डोक्यावर तशीच टोपी, खांद्यावर हातभर लांब भिंग. झाडाशी असे उभे राहतात की शेजारून जाताना दचकायला होतं. बोलतात कुजबुजत आणि तेही सगळं भूतकाळात. “काल होता.” “सकाळी साडेसहाला होता.” “तुम्ही यायच्या जस्ट आधी इथेच बसला होता.” आपण गेलो की पक्षी नेहमी जस्ट आधी गेलेला असतो. त्यांच्यातल्या एकाला मेहुण्याने विचारलं, “काय शोधताय?” त्याने ओठांवर बोट ठेवलं, मग कानाशी येऊन म्हणाला, “स्वर्गीय नर्तक. नर. पांढरा. तीन रविवार येतोय.”

मेहुण्याने लगेच मोबाइलवर स्वर्गीय नर्तकाचा आवाज लावला. तो आवाज ऐकून सात झाडांवरचे सात प्रकारचे पक्षी उडून गेले आणि कॅमेरेवाल्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर अनामत रकमेत बसणारी नव्हती. बायकोने भावाच्या हातातून मोबाइल काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. माहेरच्या माणसावर एवढी तातडीची कारवाई होताना मी प्रथमच पाहिली.

आत्या या वेळपर्यंत मागेच राहिली होती. वाटेच्या कडेला, पाणवठ्याजवळच्या दगडावर बसून ती पिशवीतल्या वालाच्या शेंगांच्या शिरा काढत होती. संध्याकाळसाठी लागणार होत्या. आम्ही दीड तास वाट तुडवून, एक तांबट ऐकून, दोन बुलबुल बघून आणि सातभाईंच्या घोळक्यातले फक्त पाच मोजून परत आलो. तांबट तर आमच्या सोसायटीतल्या वडावरही दुपारभर टुक टुक करत असतो, पण इथे तो ऐकून मेहुणा थबकला होता.

“काही दिसलं का ग आत्या?” मी उगाच विचारलं.

“मला कुठली रे नावं ठाऊक. एक काळा आला होता, त्याच्या शेपटीला लांब दोन तारा आणि टोकाला गोंडे. आधी मांजरासारखा ओरडला, मग पोपटासारखा. लबाड आहे हो. आणि एक पांढरा, एवढी हातभर रिबीन मागे सोडून, पाण्यात तीनदा बुडी मारून गेला. डोकं काळं. तुम्ही यायच्या जरा आधीच गेला.”

पहिला पल्लवपुच्छ कोतवाल. नकला करण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. दुसऱ्याचं वर्णन ऐकताना कॅमेरेवाला आमच्या मागेच उभा होता. त्याचा चेहरा मी पाहू शकलो नाही. थोड्या वेळाने तो आत्याच्या बाजूच्या दगडावर येऊन बसला आणि म्हणाला, “आजी, शेंगा मीही निवडू का?”

मेहुण्याच्या यादीतला दुसरा स्पॉट आपटा. तिथे जाण्यासाठी खरं तर पनवेलहून दिवा-रोहा गाडी पकडावी: सोमाटणे, रसायनी, आपटा. कोकण रेल्वे यायच्या कितीतरी आधी हा मार्ग काही वर्षं आपट्यालाच संपत असे. त्यामुळे स्टेशनाला अजून एक निवृत्त साहेबाची ऐट आहे: भोवती डोंगर, मोठाली झाडं, आणि गाड्यांची फारशी घाई नाही. आम्ही मोटारीने पोचलो तेव्हा फलाटावर दोन शेळ्या, एक झोपलेला माणूस आणि लग्नाआधीचं छायाचित्रण करणारं एक जोडपं होतं. मुलगी घागरा सावरत धावत होती, मुलगा हात पुढे करून उभा होता, पण गाडी नव्हती. ती यायला तासभर अवकाश होता. त्यामुळे तो फलाटाच्या बाकावर चढून हात पुढे करत होता. चौथ्यांदा धावल्यावर मुलगी म्हणाली, “तू धाव आता, मी चढते बाकावर.” लग्न टिकेल असं वाटलं.

मेहुण्याला इथे धावायचं होतं. बायको म्हणाली, “तुला हात द्यायला कोणी नाहीये.” तो विषय तिथे संपला.

तिसरा स्पॉट म्हणजे देहरंगचं धरण, उर्फ गाढेश्वर. पावसाळ्यात इथे पोलीस उभे असतात, फाल्गुनात बगळे. माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदी अडवून केलेलं हे धरण आमच्या महानगरपालिकेचं स्वतःचं, आणि जुन्या पनवेलचा त्यावर फार जीव. मेहुणा काठावर उभा राहून पाण्यात पडलेलं डोंगराचं प्रतिबिंब बघत होता. पनवेलकर या काळात प्रतिबिंब बघत नाही. तो पाण्याची कड बघतो. मागच्या वर्षी या तारखेला पाणी त्या खडकापर्यंत होतं की खालच्या, यावर मी आणि तिथे आलेले दोन अनोळखी गृहस्थ लगेच बोलायला लागलो. तिघांनी मिळून अंदाज केला: एप्रिलच्या मध्यापासून एक दिवसाआड. एक जण म्हणाला टँकरवाल्याचा नंबर आत्ताच घेऊन ठेवलेला बरा, आणि आम्ही नंबरांची देवाणघेवाण केली. तेवढ्यात मेहुणा आला. “काय शांत वाटतं ना भाऊजी इथे?” तो म्हणाला. आम्ही तिघांनी माना हलवल्या.

इथून पुढे धोदाणी आणि धोदाणीहून डोंगर चढून माथेरानच्या सनसेट पॉइंटवर जाणारी वाट आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब 1850 मध्ये माथेरानवर चढले म्हणून त्यांनी ते ‘शोधलं’ असं पुस्तकात असतं. या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर ओझी घेऊन वर जाणाऱ्या ठाकर मंडळींना कोणी काही शोधल्याचं श्रेय दिलं नाही. वर मुंबईची मंडळी ज्या कठड्यावरून सूर्यास्त बघून टाळ्या वाजवतात, त्यांचा सूर्य आमच्या पनवेलवरून मावळतो. त्यांच्या फोटोत खाली दिव्यांचा जो सडा दिसतो तो आम्ही. तिथेही नाव माथेरानचंच.

संध्याकाळी नेऱ्याच्या पुढे एका मित्राच्या शेतावर पोपटी होती. आता खरं बोलायचं ते हे. डोंगर, पक्षी, स्टेशन हे सगळं पोपटीपर्यंतचा वेळ काढायला असतं.

बाहेरच्यांसाठी सांगतो: पोपटी म्हणजे मातीचं मडकं, त्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, ज्याला चालतं त्याच्यासाठी केळीच्या पानात बांधलेली मसाल्यातली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं पालथं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवायचं आणि अर्धा-पाऊण तास थांबायचं. मोसम तसा पौष-माघाचा. शेवटच्या तोडीच्या शेंगांवर फाल्गुनात एखादी पोपटी निघते, ती निरोपाची. वास भांबुर्डीचा. ही बांधावर आपोआप उगवते, कोणी लावत नाही, बाजारात मिळत नाही, आणि तिच्याशिवाय केलं तर त्याला पोपटी म्हणत नाहीत, उकडलेल्या शेंगा म्हणतात.

पोपटीची गंमत अशी की एरवी घरात गॅसचं बटण कोणत्या बाजूला फिरतं हे ज्याला माहीत नसतं तो पुरुषही इथे तज्ज्ञ असतो. जाळाभोवती आम्ही सातआठ जण उभे होतो आणि मतं अकरा होती. वारा कुठून आहे, पेंढा आधी की काटक्या, आच कमी झाली, आच जास्त झाली. एक जण सांगत होता की त्याच्या सासुरवाडीला, पेणकडे, मडकं उभं ठेवतात. त्याला सर्वांनी मिळून गप्प केलं. बायका जरा लांब खाटेवर बसून हे पाहत होत्या. “घरी एक दिवस वरणाला फोडणी घाला म्हटलं तर डोकं दुखतं,” असं एक वाक्य वाऱ्याबरोबर आमच्याकडे आलं. वारा तिकडूनच होता, हे त्यावरून नक्की झालं.

मेहुण्याने मोबाइलवर पाहून जाहीर केलं की तीस मिनिटं झाली, उघडूया. आत्या म्हणाली, “पाहुणे, पोपटी घड्याळावर होत नाही. मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र करून लगेच सुकलं तर झाली.” पण मेहुणा उत्साही. त्याने काठीने मडकं जरासं कलतं करून आत डोकावायचा प्रयत्न केला. मडक्याला कड्‌ असा एक आवाज आला आणि बुडापासून तोंडापर्यंत भेग गेली. हे मडकं आत्याने आदल्या दिवशी बाजारात दहा मडकी वाजवून, अकरावं पसंत करून, भावात वीस रुपये सोडवून आणलेलं.

आत्या काही बोलली नाही. उठली, हातातल्या पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, आणि म्हणाली, “काढा.” सुतळीच्या गोणपाटावर सगळं ओतलं. शेंगांची सालं वाफाळलेली, आत हिरवे मऊ दाणे, अंड्यांच्या कवचाला धुराचा रंग. मग अर्धा तास कोणी कोणाशी बोललं नाही. मेहुण्याने एवढं खाल्लं की शेवटी त्याला खाटेवर आडवं करावं लागलं. आडव्या अवस्थेतही त्याने दोन बटाटे मागवले. परतताना त्याने माझा हात धरून सांगितलं की भाऊजी, आता पुढच्या फाल्गुनात मी सगळ्या मुलुंडला घेऊन येतो. मी म्हटलं, मुलुंड राहू दे, भांबुर्डी पुरायची नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचे फोटो आले. जाळ, मडकं, गोणपाटावरची रास, आत्याचा हात. खाली लिहिलं होतं: ‘अलिबागची पोपटी! वीकेंड असावा तर असा!’ त्यावर मुलुंडहून एकवीस अंगठे, आणि एका मावशीचा प्रश्न: अलिबागला बोटीने गेलात का?

मी फोन घेऊन आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला, फोटो मोठा केला, मडक्यावरची भेग बोटाने तपासली आणि खालची ओळ वाचली.

“त्याला म्हणावं,” आत्या म्हणाली, “मडक्याचे साठ रुपये अलिबागहून पाठव.”